अनेकवचनी

बाबा नाव सांगायचे ते असं :
"मी झाडे. माणूस एक, पण अनेकवचनी."
समोरचा आधी मान डोलवायचा,
मग थांबायचा,
मग त्याच्या चेहऱ्यावर कुठूनतरी उशिरा लाइट यायची.
त्या उशिरासाठीच ते जगायचे बहुतेक.

भूमापन खात्यात तीस वर्षं साखळी ओढली.
महालात दोन भाऊ एका भिंतीपायी काठ्या घेऊन उभे,
मध्ये बाबा, हातात नकाशा, बोट रेघेवर :
"घ्या. हद्द झाली."
धाकट्याला आधी समजलं,
त्याची काठी हसता हसता खाली आली.
थोरला घरी जाऊन हसला असावा,
कारण दुसऱ्या दिवशी सही त्यानंही केली.

आई म्हणायची, जन्मभर कोट्या केल्या ह्यांनी,
पासबुकात लाख काही दिसले नाहीत.

माझा नवरा पुण्याचा. पहिल्याच दिवाळीत त्यानं छेडलं,
"तुमच्याकडे म्हणे 'जाऊन राहिलो' म्हणतात?"
"हौ ना," बाबा म्हणाले,
"बाकीचे लोक जातात.
आम्ही जाऊन राहतो."

नऊ वर्षांची असताना मी हट्ट धरला होता,
मला नाही समजत, फोड करून सांगा.
त्यांनी संत्रं सोललं, माझ्या तळहातावर ठेवली एक.
"घे. केली फोड."
मी रुसले, मग खाल्ली, दाताखाली बी आली.
तेव्हा म्हणाले, शब्द म्हणजे बर्डीचा चौक, बाप्पा.
कान सरळ निघून राहिला असतो,
अन् शब्द इंडिकेटर न देता वळते.
धडक होते, पण कोणाला लागत नाही.
लागलं नाही, हे ध्यानात येते तेव्हा आपण हसतो.
आणि लागलंच तर?
"मग ती कोटी नसते. टोमणा असतो."

माघात त्यांची उजवी बाजू गेली,
सोबत शब्द गेले.
शब्द परत आले हळूहळू, एकेक अर्थ घेऊन.
खुबाळकर मॅडम चित्रांचे पत्ते दाखवायच्या.
"पान," बाबा म्हणायचे.
मी श्वास धरून बसायचे :
आता वहीचं काढतील, आता विड्याचं,
आता म्हणतील पान वाढा, भूक लागली.
"पान. झाडाचं."
बस.
मॅडम खूश. वहीत बरोबरची खूण.

ज्या खुर्चीत झाडे बसायचे
तिथं आता एक झाड होतं.
हे मला स्वयंपाकघरात सुचलं, कणीक मळताना,
आणि इतकं चांगलं सुचलं की मी बाहेर धावले सांगायला,
आणि दारातच थांबले.
ही ऐकवायची ज्याला, तोच तर हिचा विषय.
कोटीला दोघं लागतात.
एकट्यानं केलेली नुसती चूक वाटते बोलण्यातली.

मे महिना. शेचाळीसच्या वर पारा,
गल्लीत कुत्रंही नाही.
मी स्टुलावर, पाठमोरी,
मागच्या वर्षीच्या ताटीची भुकटी डोळ्यांत, नाकात.
कोणाला उद्देशून नाही, सहजच म्हणाले,
"कूलरला नवा वाळा घालायचाय."

मागे काही नाही.
पंप बुडबुडला, थांबला.
मग खुर्चीतून, एकेक अक्षर उचलत,
मोजणीची साखळी ओढावी तसं :
"कोण... त्या... पा... यात?"

मी वळले.
कूलर आपल्या लोखंडी स्टँडवर
चार पायांनी उभा, अंघोळ घातलेल्या बाळासारखा ओला.

मला वेळ लागला.
तेवढा वेळ बाबा, मान एका बाजूला कललेली,
माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते,
लाइट कधी येते त्याची वाट पाहत.